आमची वाटचाल : 'बोर्ड गेला' म्हणण्याआधी

खिशात मावणारा डॅक-अ‍ॅम्प, म्हणजे मोबाइल-लॅपटॉपमधल्या आकड्यांचा आवाज करून हेडफोनला देणारी डबी, घेऊन कोणी आलं आणि 'कालपर्यंत चांगला चालू होता' म्हणालं, की मी आधी ते यंत्र काचेवर आडवं ठेवतो आणि बोटाने गोल फिरवून बघतो. दोन-तीन गिरक्या घेतल्या तर आतला सेल फुगलाय, पाठ सपाट राहिलेली नाही. मीटर, स्कोप (विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) सगळं नंतर. मुलगी म्हणाली, बाबा, दुकानाबद्दल चार ओळी लिहून द्या. चार ओळींत बसेल असं हे प्रकरण नाही.

१९९७ साली पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबापासून हाकेच्या अंतरावर, एका वाड्याच्या जिन्याखाली आम्ही दोघांनी टेबल टाकलं. दोघं म्हणजे मी आणि माझा भागीदार. भांडवल काय, तर त्याची सोल्डरिंग आयर्न, माझा मल्टिमीटर आणि वाड्याच्या मालकीणबाईंची मेहेरबानी. कामं वॉकमनची आणि डेकची. कुणाचा पट्टा सैल, कुणाचं हेड झिजलेलं. वरून कोणी जिना उतरलं की सगळी माती उघड्या डेकमध्ये पडायची, म्हणून भागीदाराने डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद ठोकला होता. पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं आणि मग आम्ही दोघं काम सोडून त्याच्याकडेच बघत बसायचो.

त्याच्या हाताबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, मनात नसलं तरी. २५ वॉटची सोलड्रॉन, तांब्याचं बिट. रोज सकाळी कानशीने बिट घासायचं, त्यावर कथिल चढवायचं, मगच चहा. त्याचा टाका लांबून ओळखू यायचा. पायाभोवती शंकूसारखा चढलेला, चकचकीत, आणि शेंडा किंचित डावीकडे कललेला, कारण गडी डावखुरा. मला आजतागायत तसा टाका जमलेला नाही. दोष शोधायचं डोकं मात्र माझं. हे त्यालाही मान्य होतं, निदान तेव्हा.

मधली वर्षं चांगली गेली, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. वाडा पाडला, आम्ही नारायण पेठेत गाळा घेतला, दोघांची लग्नं झाली.

२०१६ मध्ये अ‍ॅपलने आयफोन ७ मधून हेडफोनचं भोकच काढून टाकलं. आम्ही त्या कंपनीला यथेच्छ शिव्या घातल्या आणि पुढची वर्षं तिच्याच कृपेने जेवलो. हळूहळू बाकीच्या मोबाइलवाल्यांनीही भोक बुजवलं आणि यूएसबीला लावायचे डॅक, शेपटीवाले डाँगल, खिशातले अ‍ॅम्प यांची रीघ लागली. या यंत्रांत चिप क्वचित जाते. जातं ते यूएसबीचं तोंड. रिक्षात बसताना खिशात वायर दुमडली की तोंडाचे टाके निखळतात, बोर्डवरची तांब्याची पट्टी उचलली जाते. भिंगाखाली नीट बघितलं तर अर्ध्या तासाचं काम.

पण अर्धा तास भिंगाखाली घालवायचा कोणी? भागीदाराला आता मोठं दुकान हवं होतं. काच, एसी, बसायला सोफा. दुरुस्तीपेक्षा विक्रीत पैसा आहे हे त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, मला पटत नव्हतं एवढंच. २०१८ च्या दिवाळीनंतर तो वेगळा झाला. जाताना आयर्न नेली, ती त्याचीच होती. गिऱ्हाइकांच्या नंबरांची निळी वही नेली, ती दोघांची होती. वही मी विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही. तिकडे बंद यंत्र गेलं की दहा मिनिटांत निकाल लागायचा : बोर्ड गेला, नवीन घ्या, जुन्याचे थोडे वळते करून देतो.

कोथरूडचे काका असाच निकाल घेऊन माझ्याकडे आले. काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यात माल तपासणीला होते, तिथूनच निवृत्त झाले. घरी भीमसेन, मल्लिकार्जुन, किशोरीताई यांच्या सीड्या, सगळ्या स्वतः बसून लॅपटॉपवर उतरवलेल्या. तक्रार अशी की डॅक मोबाइलला लावला तर सगळं वाजतं. लॅपटॉपला लावला तर सिनेमा वाजतो, पण सीडीवरून उतरवलेलं एकही गाणं वाजत नाही. खरखर नाही, काही नाही.

"माझा मारवा तेवढा मुका झालाय," काका म्हणाले. "बोर्ड गेला तर सिनेमा कसा वाजतो, ते तुम्ही मला समजावून सांगा."

धंद्यातल्या लोकांना पुढचं सांगायला नको, तरी सांगतो. सीडीत सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतात, सिनेमात ४८,०००. बऱ्यापैकी डॅकमध्ये या दोन घराण्यांची घड्याळं, म्हणजे नमुन्यांना ताल देणाऱ्या बारक्या डब्या, वेगवेगळी असतात, एक २२.५७९२ मेगाहर्ट्झचं, दुसरं २४.५७६ चं. दोन्ही आकड्यांना ५१२ ने भागून बघा. मोबाइल बहुतेक वेळा जे येईल ते ४८,००० मध्ये बदलूनच पुढे ढकलतो, त्यामुळे तिथे दोष झाकला जातो. काकांनी लॅपटॉपवरचा प्लेअर असा लावला होता की फाइल जशी आहे तशीच डॅकपर्यंत जावी. म्हणजे एका घराण्याचं घड्याळ बंद. काकांचं वाक्य संपायच्या आत माझ्या डोक्यात हे आलं होतं, पण तपासल्याशिवाय तोंड उघडायचं नाही ही माझी खोड.

माझा स्कोप जुन्या बाजारातला, एका बुधवारी घासाघीस करून घेतलेला. दोन चॅनेल, २० मेगाहर्ट्झ, हिरवा पडदा. २२.५७९२ ची लाट त्याला पूर्ण उंचीची दिसत नाही, बुटकी दिसते, पण आहे की नाही एवढं कळतं. नवशिके इथे हमखास फसतात. यंत्र नुसतं चालू करून घड्याळावर प्रोब (स्कोपची मोजायची सुई) टेकवतात आणि सरळ रेघ दिसली की मेलं म्हणून मोकळे होतात. अरे, ज्याचं काम नाही त्या घड्याळाला यंत्र झोपवून ठेवतं. त्याच घराण्याची फाइल वाजवत ठेवायची आणि मग मोजायचं, प्रोब दहापटीवर ठेवून. आम्ही काकांचाच मारवा लावला. घड्याळाला ३.३ व्होल्ट मिळत होते, 'चालू हो' हा इशारा पोचत होता, बाहेर मात्र रेघ. मसुरीच्या दाण्याएवढी ती डबी हॉट एअरने उचलली, एका भंगार बोर्डवरची त्याच आकड्याची बसवली. ५५० रुपये. काकांनी दुकानातल्या स्टुलावर बसून अर्धा तास डोळे मिटून ऐकलं. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना मी खुणेनेच थांबायला सांगितलं. एक थांबलं नाही.

आता नको असलेला भाग. २० ऑक्टोबर २०२० ला जपानमध्ये नोबेओकाला असाही कासेईच्या चिपच्या कारखान्याला आग लागली. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी यंत्रांत त्यांचीच डॅक चिप. लॉकडाउनने आधीच कंबरडं मोडलेलं, त्यात चिपा मिळेनात, मिळाल्या तर भाव ऐकून फोन ठेवावा. अशात एका व्यापाऱ्याने वीस नग दाखवले. मी रोख पैसे मोजून घेतले. कसलीही तपासणी केली नाही. आयुष्यभर लोकांना 'आधी बघा, मग बोला' सांगणाऱ्या माणसाने पाकीट फोडलं आणि सोळा यंत्रांत चिपा बसवून टाकल्या.

दीड महिन्यात अकरा परत आली. कुणाचा डावा कान बारीक, कुणाचं यंत्र वीस मिनिटं तापलं की मुकं. आणि निळी वही ज्याच्याकडे होती त्याने ती उघडली. एकेका नंबरावर निरोप गेले की तिथे नकली माल घालतात. खोटं असतं तर मी दारात जाऊन भांडलो असतो. खरं होतं, म्हणून घरी बसलो. भाडं चार महिने थकलं. शेवटी स्कोप विकायला काढला.

काका आले ते चिपांची पावती मागत. "आलेला माल तपासला कोणी?" मी गप्प. उरलेल्या चार चिपा त्यांनी कागदावर ओळीने मांडल्या, कापसाचा बोळा अ‍ॅसिटोनमध्ये बुडवला आणि पहिलीच्या पाठीवरून दोनदा फिरवला. कापूस काळा झाला. वरचा रंग निघाला, त्याबरोबर छापलेला नंबरही. खाली घासल्याच्या बारीक, सगळ्या एकाच दिशेने गेलेल्या रेघा. कुठल्यातरी भलत्याच चिपेची पाठ घासून, रंगवून, वर नवं नाव छापलेलं. चारही तशाच. "पाच मिनिटांचं काम होतं रे," एवढंच म्हणाले.

स्कोपला गिऱ्हाईक काकाच. मी सांगितली तेवढी रक्कम टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "घेतला. पण आमच्या फ्लॅटमध्ये जागा नाही, तेव्हा राहू दे इथेच." तो अजून इथेच आहे. त्यावर त्यांच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली आहे, त्यांनीच चिकटवली.

अकरांपैकी सहांना भंगार बोर्डवरच्या अस्सल चिपा काढून बसवल्या, पाच जणांचे पैसे परत केले. जी पाच यंत्रं परत आलीच नव्हती, त्यांच्या मालकांना मी स्वतः फोन लावले. एकाने अजून उचललेला नाही. तेव्हापासून दुकानात येणारी प्रत्येक चिप आधी कापसाच्या बोळ्याखालून जाते, मग डबीत.

विषय निघालाच आहे तर तीन गोष्टी. ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड भोकाला ३.५ चा अडॅप्टर लावून साधा हेडफोन जोडू नका. बॅलन्स्डमध्ये दोन्ही कानांच्या उण्या तारांना आपापला अ‍ॅम्प असतो, अडॅप्टरमध्ये त्या दोन्ही तारा एकमेकींना चिकटतात आणि आत दोन अ‍ॅम्प एकमेकांशी कुस्ती खेळतात. दुकानात पाटी लावली आहे : 'असले अडॅप्टर लावून बिघडवलेल्या यंत्रांची चौकशी हळू आवाजात करावी.' दुसरं, यंत्र महिनोन्‌महिने कपाटात टाकणार असाल तर पूर्ण चार्ज करून टाकू नका, निम्म्यावर ठेवा. आणि घरी उघडून बघायची फार हौस असेल तर चालू झालेल्या यंत्राला थेट महागडा हेडफोन लावू नका. आधी हेडफोनच्या जागी ३३ ओहमचा रेझिस्टर लावा आणि त्यावर डीसी मोजा. पाच-दहा मिलिव्होल्ट ठीक. शेकड्यात दिसले तर यंत्र बंद करा, हेडफोन वाचला म्हणा.

गेल्या महिन्यात इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला. हातात डॅक आणि भागीदाराच्या त्या काच-एसीवाल्या दुकानाचं बिल, त्यावर 'यूएसबी जॅक बदलला, तरी चार्ज होत नाही, बोर्ड गेला'. मी झाकण काढलं, भिंग ओढलं. जॅकचे टाके शंकूसारखे, चकचकीत, शेंडे डावीकडे कललेले. म्हणजे पोरांकडे दिलं नव्हतं, स्वतः बसला होता. बराच वेळ मी ते टाकेच बघत होतो, मुलाला वाटलं काहीतरी भयंकर सापडलंय.

"चार्जर कुठला लावतोस?" मी विचारलं. दोन्हीकडून सारखं तोंड असलेली, लॅपटॉपची सी-सी वायर. मी ड्रॉवरमधली जुनी, एका बाजूला चपट्या तोंडाची वायर लावली. लाल दिवा लागला. बोर्डाला काहीच झालं नव्हतं. सी-सी वायरमधून वीज हवी असेल तर जॅकच्या दोन पायांवर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात, तरच समोरचा चार्जर वीज सोडतो. बनवणाऱ्याने चार पैसे वाचवायला ते घातलेच नव्हते. मी घातले. जागा इतकी कमी की दोनदा श्वास रोखावा लागला, आणि माझे टाके त्याच्या टाक्यांशेजारी चिखलाच्या गोळ्यांसारखे दिसत होते.

सी-सी वायर लावली, दिवा लागला. २५० रुपयांचं बिल केलं आणि त्यावर शेऱ्याच्या जागी लिहिलं : बोर्ड ठीक, जॅकचं काम उत्तम. मुलाला सांगितलं, जुन्या बिलासोबत हेही त्यांना नेऊन दाखव.