लाँगबोसाठी क्लायंबर स्टँड निवडताना

मिशिगनमध्ये धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायचा मोसम १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि १४ नोव्हेंबरपर्यंत चालतो. १५ तारखेला बंदूकवाले उतरतात, महिनाअखेरपर्यंत जंगल त्यांचे, मग डिसेंबरात पुन्हा आमची पाळी. माझ्याकडे कंपाउंड नाही, ६६ इंची लाकडी लाँगबो आहे. कंपाउंडला चाके असतात, त्यामुळे पूर्ण ओढल्यावर ताण हलका होतो आणि माणूस नेम धरून थांबू शकतो. लाँगबोत ४५ पौंडांचा सगळा ताण बोटांवरच असतो. ओढले की सोडायचे. म्हणून पंधरा यार्ड, फार तर वीस, एवढ्यात जनावर आले तरच बाण सोडायचा हा माझा नियम. इतक्या जवळ येईपर्यंत हरणाला आपला पत्ता लागू द्यायचा नसेल तर झाडावर बसणे बरे, आणि तिथूनच झाडाला लावून बसायचा स्टँड शोधायचा खटाटोप सुरू झाला.

हे भारतात चालते का, हा पुण्याच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, म्हणून आधीच सांगतो. भारतात हे चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून तिथे शिकारीवर बंदी आहे आणि ती तशीच राहावी असे माझेही मत आहे. मचाणावर मी पहिल्यांदा बसलो तो ताडोबात, बुद्धपौर्णिमेच्या रात्री, पाणवठ्यावर आलेले प्राणी वहीत टिपायला. इथे मिशिगनमध्ये पांढऱ्या शेपटीची हरणे शेतात, हायवेवर, लोकांच्या परसात, सगळीकडे असतात आणि त्यांची संख्या आटोक्यात ठेवायला राज्य सरकार शिकारीवरच भिस्त ठेवते. १ जानेवारी १९६० नंतर जन्मलेल्याला सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय शिकारीचे नेहमीचे लायसन्स मिळत नाही. तो कोर्स मी केला, आणि त्यात बाणापेक्षा झाडावरून पडण्यावरच जास्त वेळ गेला तेव्हा जरा नवल वाटले होते. आता वाटत नाही.

माझी स्वतःची जमीन नाही. मी जातो ते चेल्सीजवळच्या वॉटर्लू रिक्रिएशन एरियात. ओकची राने, मधे दलदल, हिमनद्यांनी मागे टाकलेल्या टेकड्या, आणि सगळी सरकारी जमीन. सरकारी जमीन म्हटली की नियम आले. झाडाची साल भेदून आत घुसेल असे काही लावायचे नाही, म्हणजे स्क्रूच्या पायऱ्या बाद. स्टँडवर आपले नाव-पत्ता किंवा ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर, खालून वाचता येईल असा हवा. शिडीचा स्टँड एकट्याने रानात ओढत नेणे शक्य नाही. हँग-ऑन, म्हणजे पट्ट्याने खोडाला टांगायचा स्टँड, चांगला, पण तो अधांतरी बांधताना जी कसरत करावी लागते ती पहाटेच्या अंधारात करायची माझी तयारी नव्हती. कापडी झोळीसारखा सॅडल हल्ली तरुणांत फार चालतो, वजनाला काहीच नाही. एकाकडून मागून घेऊन वापरून पाहिला. त्यात माणूस खोडाकडे तोंड करून लटकतो आणि समोर दोर ताणलेला असतो. आखूड कंपाउंडला त्याने काही बिघडत नसेल, माझ्या धनुष्याचे खालचे टोक मात्र प्रत्येक वेळी खोडाला नाहीतर दोराला लागत होते. उरला क्लायंबर. पाठीवर न्यायचा, झाडाला लावायचा, चढायचे, संध्याकाळी परत घरी.

क्लायंबरचे दोन भाग असतात, वर सीटचा आणि खाली पायांचा प्लॅटफॉर्म. दोन्ही केबलने किंवा पट्ट्याने खोडाला वेढलेले. झाडाकडे तोंड करून वरचा भाग हातभर सरकवायचा, त्यावर भार टाकायचा, पाय अडकवून खालचा भाग वर खेचायचा, त्यावर उभे राहायचे, की पुन्हा वरचा. सुरवंट जसा चढतो तसे. भार पडला की स्टँडचे दात सालीत रुततात आणि केबल मागून ओढून धरते.

दुकानात गेलो की जो-तो मला आरामाचा स्टँड दाखवायचा. समिट कंपनीचा व्हायपर हा त्यातला सगळ्यांच्या तोंडी असलेला. वीस पौंड वजन, ३०० पौंड क्षमता, झोपाळ्यासारखी गुबगुबीत सीट आणि चारी बाजूंनी बंद चौकट. समोरच्या दांडीवर बंदूक टेकवता येते, आणि चढताना त्याच दांडीवर चक्क बसता येते, त्यामुळे दंडांना श्रम नाहीत. बंदूकवाल्यासाठी याहून चांगले काय असणार? कंपाउंडवालेही भागवून घेतात. पण मला विकायला निघालेल्यांपैकी कोणीही, तुझे धनुष्य किती लांब, असे विचारले नाही.

विचारले ते शेजारच्या आजोबांनी. त्यांचा रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले धनुष्य, बेअर आर्चरीचा, ही कंपनी फ्लोरिडाला जायच्या आधी इथल्याच ग्रेलिंग गावात होती तेव्हाचा. ते म्हणाले, "दुकानात धनुष्य घेऊन जा, आणि ते देतील त्या स्टँडवर उभा राहून ओढून बघ." मी आधी घरी टेप घेऊन हिशेब केला. माझा खांदा पायापासून साधारण ५४ इंचांवर. धनुष्याची खालची निम्मी लांबी बत्तीसएक इंच. म्हणजे उभा राहून सरळ समोर ओढले तर खालचे टोक प्लॅटफॉर्मपासून बावीस इंचांवर येते, आणि समोरची दांडी असते कमरेच्या आसपास. दांडीच्या पलीकडे हात लांब करून सरळ समोर बाण मारणे जमेलही, पण झाडावरून सरळ समोर कोण मारते? खाली वाकले की धनुष्याचे खालचे टोक आपल्या पायांकडे वळते, आणि मधे ती दांडी. बसून मारायचे तर मांड्या आडव्या येतात, मग धनुष्य तिरके धरायचे, तर बाजूच्या दांड्या आहेतच. बाण सुटताना टोक धातूवर आपटले तर बाण भलतीकडे जातो, आणि जखमी हरीण रात्रभर शोधत हिंडायची वेळ येते. माझ्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला. समोरून उघडा स्टँड हवा.

दुकानात एक लाकडी खांब पुरलेला होता, त्यावर स्टँड जमिनीपासून फूटभर उंच लावून दिले. बाण न लावता धनुष्य ओढायचे आणि तसेच हळूहळू परत आणायचे, रिकामे सोडायचे नाही, ही खबरदारी घेत मी डावीकडे, उजवीकडे, खाली, पाठ खोडाला लावून, बसून, अर्धवट उठून, सगळे करून पाहिले. गिऱ्हाइके बघत होती. बघू देत.

उघड्या स्टँडमध्ये दोन माझ्या यादीत राहिले. समिटचाच ओपनशॉट, पंधराएक पौंडांचा, लहान सीटचा, आणि लोन वुल्फचा हँड क्लायंबर, वजनाने त्याहून थोडा जास्त, पण प्लॅटफॉर्म ओतीव अॅल्युमिनियमचा, एकसंध. दोन्हींत धनुष्याला वाट मोकळी. पण समोर दांडी नाही म्हणजे चढताना बसायलाही काही नाही. वरच्या भागावर तळहात टेकून शरीराचा भार दंडांवर तोलायचा आणि पायांनी प्लॅटफॉर्म वर आणायचा. आयटीतला माणूस, चाळिशी ओलांडलेली. हे काम वाचायला सोपे आहे. दुकानातल्या खांबावर पाच-सहा पावलांतच दंड थरथरू लागले. व्हायपरचा खप इतका का, हे तेव्हा उमगले.

तरी उघडाच घेतला, कारण उंचीचा हिशेब माझ्या बाजूने होता. कंपाउंडवाले वीस-पंचवीस फूट चढतात. दहा यार्डांवर हरीण उभे असेल आणि मी वीस फुटांवर असेन तर बाण सुमारे ३७ अंशांनी खाली जातो. बारा फुटांवर असेन तर २६ अंशांनी. कोन जितका तीव्र तितके वरून दिसणारे काळीज-फुप्फुसांचे लक्ष्य अरुंद होते आणि एकाच फुप्फुसाला बाण लागण्याचा धोका वाढतो. शिवाय लाँगबोवाल्याला हातांचा आणि खांद्यांचा काटकोन न मोडता कमरेतून वाकावे लागते, आणि फार उंचावरून ते वाकणे अवघड. बारा-तेरा फूट मला पुरतात. तेवढे दंडांच्या जोरावर चढता येते. लपायला उंचीऐवजी खोड जाडजूड आणि मागे फांद्यांची गर्दी असलेले झाड शोधायचे.

दोघांतून मी ओतीव प्लॅटफॉर्मचा घेतला, तो फक्त आवाजासाठी. पोकळ नळ्यांच्या चौकटीवर टिचकी मारली तर घंटेसारखा नाद येतो. ओतीव प्लॅटफॉर्मवर तेवढा येत नाही. किंमत जास्त पडली. बायकोने विचारले, तेव्हा मी हार्नेसची, म्हणजे पडलो तर धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांची, किंमत त्यात मिळवून सांगितली, म्हणजे वाद सुरक्षेकडे वळला. वापरलेला स्टँडही स्वस्तात मिळत होता, पण केबल आतून गंजली आहे का ते बाहेरून कळत नाही, आणि पट्टे किती वर्षे उन्हात राहिले ते विकणारा सांगत नाही. क्षमता बघतानाही नुसते आपले वजन धरू नये. नोव्हेंबरातले जाड कपडे, बूट, पिशवी, पाणी मिळून वीस-पंचवीस पौंड सहज होतात.

नवीन स्टँडबरोबर अंगभर हार्नेस येतो, तो पेटीतच ठेवणारे कमी नाहीत. माझा पट्टा पाय जमिनीवर असतानाच खोडाला लागतो आणि प्रूसिक गाठीने (हाताने सरकते, भार पडला की आवळते) माझ्याबरोबर वर सरकत येतो. वर पोचल्यावर बांधू म्हणणारा चढता-उतरतानाच पडतो. पडून लटकले तर मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात, म्हणून पाय ठेवायला एक दोरीचा फासही खिशात असतो. स्टँडचे वरचे-खालचे भाग एकमेकांना दोरीने बांधायचे; प्लॅटफॉर्म पायातून निसटून खाली गेला तर माणूस वर अडकतो. धनुष्य आणि बाणांचा भाता दुसऱ्या दोरीने मागून वर ओढायचा, चढताना हातात काही नाही. हे सगळे सप्टेंबरभर परसातल्या ओकवर, गुडघाभर उंचीपासून सुरुवात करून, घटवले. शेजाऱ्यांच्या मुलांनी व्हिडिओ काढले.

झाडाची निवड हा स्टँडइतकाच मोठा विषय, आणि त्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. खोड साधारण आठ ते वीस इंच जाड, सरळसोट, खालच्या बाजूला फांद्या नसलेले हवे. शॅगबार्क हिकरीची साल सुटी सुटी असते, दात रुततात ते सुट्या पापुद्र्यांत, पक्क्या सालीत नव्हे. बीच गुळगुळीत, ओला असला की विचारूच नका. अॅशची झाडे सरळ म्हणून मोह होतो, पण २००२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात सापडलेल्या हिरव्या किडीने इथली बहुतेक अॅश मारून टाकली आहेत, आणि मेलेल्या झाडावर चढायचे नसते. मध्यम वयाचा रेड ओक मिळाला तर मी पुढे शोधत नाही. झाड वर निमुळते होत जाते हे लक्षात ठेवून खाली प्लॅटफॉर्मची पुढची कड थोडी वर उचलून लावतो, म्हणजे बारा फुटांवर तो सपाट येतो. मी उजव्या हाताचा, माझा बाण डावीकडे सहज जातो, उजवीकडे वळताना अंग पिळवटते. म्हणून हरणांची वाट डाव्या अंगाला येईल अशा बाजूने स्टँड लावायचा.

जिथे धातूला धातू लागतो तिथे हॉकीच्या काठीला गुंडाळतात ती कापडी टेप लावली आहे, आणि बाजूच्या दांड्यांनाही, कारण धनुष्य तिरके धरले की टोक कधीतरी तिकडे जातेच. सीट मात्र अजूनही छळते. दोन तासांत पाठ धरते, चौथ्या तासाला मी उभाच असतो. तसेही हरीण येते तेव्हा उभे राहण्याइतका वेळ ते देत नाही, त्यामुळे पहाटेचा आणि संध्याकाळचा शेवटचा तास मी उभ्यानेच काढतो. या मोसमात ६२ इंची रिकर्व्ह वापरून बघावा असे आजोबांचे म्हणणे आहे, त्यांचाच द्यायला तयार आहेत. चार इंच कमी म्हणजे खालचे टोक दोन इंच वर.