तुम्ही विचारलंत म्हणून : मेलेल्या प्रवाळांच्या जागी नवे का लावत नाही?

ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला प्रवाळांच्या अळ्या वाढवायचं काम करते म्हटलं, की मालवणच्या मावशीपासून पुण्याच्या शेजाऱ्यांपर्यंत सगळे हेच विचारतात. ‘‘फांदी तोडून लावली की वाढते ना?’’

वाढते. पाणी मानवलं तर सांबरशिंगासारख्या फांद्या असलेल्या स्टॅगहॉर्न प्रवाळाचा बोटभर तुकडा वर्षाला १० सेंटिमीटरसुद्धा वाढतो. फ्लोरिडात अशा नर्सऱ्या कित्येक वर्षं चालू आहेत आणि त्यांचे फोटोही झकास येतात. पण तुकडा मूळ प्रवाळाचीच नक्कल असतो, त्यामुळे एकाला जे सोसत नाही ते त्याच्या साऱ्या तुकड्यांना सोसत नाही. २०२३ च्या जुलैत तिथलं पाणी तापलं, तेव्हा वर्षानुवर्षं लावणी केलेल्या सॉम्ब्रेरो रीफवर (रीफ म्हणजे प्रवाळांचा खडक) पाहणी करणाऱ्यांना जिवंत प्रवाळ सापडेना. नर्सऱ्यांमधले तुकडे घाईघाईने किनाऱ्यावरच्या टाक्यांत हलवावे लागले.

म्हणून आम्ही अळ्यांच्या मागे लागलो आहोत. ग्रेट बॅरियर रीफवर वर्षातून एकदा, बहुतेक नोव्हेंबरच्या पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत, असंख्य प्रवाळ एकदम अंडी सोडतात. प्रयोगशाळेत त्या रात्री दिवे बंद असतात आणि प्रत्येकाच्या डोक्याला लाल टॉर्च. आधी एकेका पॉलिपच्या, म्हणजे प्रवाळाची वसाहत ज्यांची बनते त्यातल्या एकेका चिमुकल्या जीवाच्या, तोंडाशी गुलाबी मणी येऊन अडतो. बराच वेळ काही होत नाही, कुणीतरी चहाला जायचं म्हणतं, आणि तेवढ्यात मणी सुटून वर तरंगायला लागतात. प्रत्येक मण्यात अंडी आणि शुक्राणू दोन्ही असतात, पण पृष्ठभागावर तो फुटला की अंडी शक्यतो दुसऱ्या वसाहतीचेच शुक्राणू पत्करतात. सगोत्र इथेही चालत नाही!

फळलेल्या अंड्यातून चार-पाच दिवसांत मिलिमीटरभराची किंवा त्याहून लहान, लांबट अळी एका जागी कायमची चिकटून बसायला तयार होते. सूक्ष्मदर्शकाखाली ती बोथट टोकाने आम्ही बसायला दिलेली फरशी चाचपते, उठते, पुढे जाते, परत चाचपते. कोरी करकरीत फरशी दिली तर बहुतेक अळ्या बसतच नाहीत. म्हणून फरश्या आधी महिना-दोन महिने समुद्रात ठेवतो. त्यांच्यावर जीवाणूंचा थर आणि गुलाबी, चुनखडीसारखं कडक शेवाळ चढतं, आणि अळीला बसायचा इशारा मिळतो तो त्यातल्याच रसायनांतून. पोहताना जे टोक पुढे असतं तेच चिकटतं, तोंड उघडतं दुसऱ्या टोकाला. अळी चपटी होते आणि सहा कप्पे दिसू लागतात. झाला पहिला पॉलिप. आता जागा बदलायची सोय नाही. वरून गाळ बसतो, शेजारचं शेवाळ झाकून टाकतं, पोपटमासा चरता चरता खरवडून नेतो. बहुतेक पिल्लं वर्ष काढत नाहीत.

समुद्रात हे सगळं आपसूक होत होतं, तेव्हा आमची गरज नव्हती. पण २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले, मेले, आणि २०१८ मध्ये रीफवर नव्याने बसलेली पिल्लं पूर्वीच्या मानाने ८९ टक्क्यांनी कमी भरली. आईबापच उरले नव्हते.

अळ्या सोडून फायदा होतो का? होतो. फिलिपिन्समध्ये सुरुंगाच्या मासेमारीने उद्ध्वस्त झालेल्या रीफवर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाचे प्रवाळ-संशोधक पीटर हॅरिसन आणि तिथल्या संशोधकांनी अळ्या सोडल्या. त्यातून वाढलेले प्रवाळ तीन वर्षांत स्वतः अंडी सोडू लागले. पण ते प्रयोग लहानशा जागेत होते आणि ग्रेट बॅरियर रीफचं राखीव क्षेत्र ३,४४,४०० चौरस किलोमीटर आहे. २०१७ नंतर इथे २०२०, २०२२, २०२४ मध्येही प्रवाळ पांढरे पडले. इतक्या वेगाने आम्हीच काय, कुणीही पिल्लं बसवू शकत नाही. कोळसा आणि तेल जाळणं कमी न करता नुसत्या लावणीचे सोहळे करणाऱ्यांचा मला राग येतो, हे लपवत नाही.

‘‘मग कशाला करता?’’ हा मावशीचा पुढचा प्रश्न. कारण रीफच्या उत्तरेच्या, म्हणजे इथे विषुववृत्ताकडच्या, गरम पाण्यातल्या आईबापांच्या अळ्या तापलेल्या पाण्यात कितीतरी जास्त टिकतात, हे २०१५ पासून माहीत आहे. ही ताकद नक्कल केलेल्या तुकड्यात नव्याने येत नाही, ती येते नव्या जोड्यांतून. त्यामुळे दर ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे वाद पेटतो तो एकाच गोष्टीवरून : यंदा कुठल्या रीफची अंडी, कुठल्या रीफचे शुक्राणू.