ट्रॅक्टरचं डिझेल

10 जुलै 2018, मंगळवार. वसईत ही तारीख कुणाला समजावून सांगावी लागत नाही. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली, लोकल बंद, मिठागरांत माणसं अडकलेली, आणि वीज गेलेली. मी तेव्हा वसईतल्या एका छोट्या डायलिसिस सेंटरमध्ये टेक्निशियन होते. आमच्याकडे पाच मशीन होत्या. त्या दिवशी कामाला पोचलो मी आणि साफसफाईची मावशी, दोघीच.

आधी मंगळवार-शुक्रवारच्या बॅचमधल्या दोघांबद्दल सांगायला हवं. दोघंही आमच्याच पॅरिशचे, म्हणजे एकाच चर्चच्या हद्दीतले, पासष्टीच्या आसपासचे, दोघांची केळीची वाडी होती. एक काका आणि एक शेठ. ही नावं मीच पाडलेली. काका माझ्या वडिलांबरोबर 'गावं वाचवा' म्हणत मोर्च्यांत चाललेले, म्हणून काका. शेठनी वाडी बिल्डरला दिली आणि पक्षाचं काम धरलं, म्हणून शेठ. नात्याने तेही मला काकाच लागत होते, पण तो शब्द मी त्यांच्यासाठी कधी वापरला नाही.

वसईबाहेरच्यांना हे भांडण कळायचं नाही. 1988 च्या सुमारास इथली जमीन बांधकामाला मोकळी झाली, तेव्हापासून फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची हरित वसई चळवळ सुरू होती. 3 जुलै 2009 ला चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावं मिळून महापालिका झाली आणि गावोगाव ठिणगी पडली. त्याच वर्षी गावं वगळा म्हणणारे विवेक पंडित आमदार झाले. 2011 ला महापालिकेतून 29 गावं वगळायचा निर्णय झाला, तो कोर्टात जाऊन अडकला. 2014 ला महापालिकेच्या बाजूचे हितेंद्र ठाकूर परत निवडून आले. पेपरात या चार ओळी होतात. आमच्याकडे सख्खे भाऊ एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला गेले नाहीत. मिस्सेत शांतीचं अभिवादन करायची वेळ आली की एक जण डावीकडे वळायचा, दुसरा उजवीकडे.

आणि नशीब बघा, दोघांच्या किडन्या एकाच वर्षी गेल्या. तीन वर्षं आठवड्यातून दोनदा चार-चार तास ते शेजारच्या खुर्च्यांवर होते. बोलणं फक्त माझ्यामार्फत. काकांकडे पोप फ्रान्सिसच्या 2015 च्या पर्यावरणावरच्या परिपत्रकाची झेरॉक्स असायची, त्यातले उतारे ते मला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवायचे. शेठ डोळे मिटूनच विचारायचे, "पोप आपल्याकडे नळ आणून देणार आहे का गं?" खरं सांगायचं तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. आमच्या विहिरी खारट होत चालल्या होत्या आणि नळही हवाच होता. पण हे मी आज म्हणते. तेव्हा माझी बाजू ठरलेली होती.

शेठ सुईची तक्रार फार करायचे. फिस्च्युला म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून घेतलेली रक्तवाहिनी; तिच्यात टोचायच्या सुया जाड असतात, 16 गेजच्या, दर वेळी दोन टोचाव्या लागतात. "तुझ्या हाताला दया नाही," म्हणायचे. मी म्हणायचे, "तुमची नसच खोल आहे."

तर त्या मंगळवारी आठातले पाच पेशंट पोचले. चौघांना शेठच्या पुतण्याने ट्रॅक्टरमधून वाटेवर गोळा करत आणलं होतं. त्यात काकाही होते. मावशीने नंतर सांगितलं, ट्रॉलीत सगळे गोण्यांवर बसले होते, काका एकटे अख्खा रस्ता उभे होते.

जनरेटरवर पाणी शुद्ध करणारा आरओ प्लँट आणि दोन मशीन, एवढंच चालत होतं. एका पेशंटच्या चार तासांना शुद्ध केलेलं जवळजवळ 120 लिटर पाणी लागतं आणि आरओ तेवढंच पाणी वाया घालवतो. बाहेर गुडघाभर पाणी साचलेलं, आणि मी गच्चीवरच्या टाकीत काठी घालून पाणी मोजत होते. डॉक्टर मुंबईत अडकलेले. फोन लागला तेवढ्यात ते म्हणाले, सगळ्यांना दोन-दोन तास दे, आधी ज्यांना दम लागलाय ते.

एका आजींना दम लागल्याचं सरळ दिसत होतं, पाय सुजलेले, ओठ काळसर. त्यांना एका मशीनवर घेतलं. दुसऱ्या मशीनसाठी काकांचं नाव मी काढून ठेवलं होतं. कारण तयारच होतं: काकांनी रविवारी केळी खाल्लेली. डायलिसिसच्या पेशंटला केळं म्हणजे पोटॅशियम, पोटॅशियम म्हणजे हृदय थांबायची भीती, आणि वसईच्या माणसाला केळं खाऊ नको सांगणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. ट्यूबिंग प्राइम करून, म्हणजे नळ्या सलाइनने भरून झालं होतं. मी काकांची बाही वर केली.

काका कादोडीत, आमच्या वसईच्या बोलीत, हळूच म्हणाले, "त्याचा श्वास ऐक."

शेठ भिंतीला टेकून बसले होते. काही म्हणत नव्हते, पुतण्याशी ट्रॅक्टरबद्दल बोलत होते, पण दर तीन शब्दांनी थांबत होते. मला ते ऐकू आलं नव्हतं. काकांना आलं, कारण तीन वर्षं तोंड फिरवून का होईना, तो श्वास ते दर वेळी चार तास ऐकत आले होते. मी बोटाला मीटर लावला. ऑक्सिजन 84.

शेठना खुर्चीवर घेतलं. घाईत होते तरी सुई टोचण्याआधी मी त्यांच्या दंडावर दोन बोटं ठेवून नसेची थरथर नीट शोधली. आणि हे लिहायला लाज वाटते, तीन वर्षांत त्यांच्या बाबतीत एवढा वेळ मी कधी घेतला नव्हता. नस खोल वगैरे काही नव्हती.

काकांचा नंबर सगळ्यात शेवटी, संध्याकाळी आला. अर्धा तास झाला असेल, तोच जनरेटर खोकला आणि बंद पडला. मशीनची बॅटरी थोडाच वेळ पुरते. तोवर डिझेल आलं नाही तर मशीनच्या मागची दांडी काढायची, रक्ताच्या पंपात बसवायची आणि हाताने फिरवत, मागून सलाइन सोडत, ट्यूबमधलं रक्त अंगात परत घालायचं. रक्त तसंच राहिलं की गोठतं. मावशी मोबाइलचा टॉर्च धरून उभी, मी दांडी हातात घेतलेली, आणि काका शांतपणे म्हणतात, "राहू दे, झालं तेवढं पुरे."

पुरे नव्हतं. केळी पोटात होती.

शेठ तोवर स्टूलवर बसून बिस्किट खात होते. पुतण्याला म्हणाले, "ट्रॅक्टरची टाकी उपस."

पुतण्या म्हणाला, "मग घरी कसे जाणार?"

"पोहत जा."

त्याने नळी तोंडाने ओढून दोन कॅन भरले. पाच-सहा वेळा थुंकला आणि शेठना जे काही बोलला ते इथे लिहिता येणार नाही. जनरेटर चालू झाल्यावर शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला सांग, डिझेलचं बिल लावणार."

काका माझ्याकडेच बघून म्हणाले, "त्याला सांग, तळी बुजवून भराव घातला नसता तर हे पाणीच आलं नसतं."

"त्याला सांग, आभाळ फाटलं तर भराव काय करणार?"

मी म्हटलं, मी कुणाला काही सांगणार नाही, तुमचं तुम्ही बोला. मग दीड तास ते बोलले. बोलले कसले, भांडले. कुठल्या शेतातून नाला जात होता, कुणी सह्या केल्या, कुठल्या सभेत कोण काय म्हणालं. काकांचं बीपी वाढलं, मला अल्ट्राफिल्ट्रेशनचा, म्हणजे अंगातलं पाणी काढायचा आकडा बदलावा लागला. एकाही मुद्द्यावर एकमत झालं नाही.

रात्री सगळे सेंटरमध्येच झोपले. मावशीने कुठून तरी पाव मिळवले. झोपायच्या आधी काकांनी त्यांच्या सवयीने रोजरीची माळ धरली. तिसऱ्या-चौथ्या मण्याला अंधारातून शेठचा आवाज मिसळला, जरा पुढे-मागे, त्यांना शब्द नीट आठवत नव्हते.

शुक्रवारी दोघं आपापल्या वाटेने आले. बोलले नाहीत. काकांनी झेरॉक्स काढली, शेठनी डोळे मिटले.

मी शेठच्या हातावर पट्टा बांधला, नस शोधली, दोन्ही सुया टोचल्या. ते डोळे न उघडताच म्हणाले, "आज नाही दुखलं."

"नस बरी आहे, काका," मी म्हटलं.