बाळाचं अँटिबायोटिक दोन दिवसांत बंद झालं, तेव्हा

बायकोचं पाणी आदल्या दुपारीच गेलं होतं, बाळ झालं दुसऱ्या दिवशी सकाळी. पाणी जाऊन 18 तास उलटले की बाळाला जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यात आमच्या लेकीचा श्वास जोरात चालला होता आणि ती दूध ओढेना. सेप्सिसचा, म्हणजे रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाचा, संशय म्हणून लगेच एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, घेतलं.

इंजेक्शन देण्याआधी ब्लड कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीसाठी, साधारण एक मिली रक्त काढलं. "एवढ्याशा जिवाचं रक्त कशाला?" म्हणून सासूबाई कळवळल्या. पण औषध आधी गेलं तर रक्तात जंतू असूनही कल्चरमध्ये वाढतीलच असं नाही, आणि मग औषध किती दिवस द्यायचं ते ठरवायला हातात काहीच राहत नाही. रक्त घेतल्यावर अँपिसिलिन आणि जेंटामायसिन ही दोन अँटिबायोटिक इंजेक्शनं सुरू झाली.

पुढचे दोन दिवस म्हणजे बाहेरचा बाकडा आणि सोलापूरचा मे महिना. ज्यानं सोसलाय त्यालाच माहीत. सीआरपी, म्हणजे संसर्ग झाला की रक्तात वाढणारं प्रथिन, लगेच न बघता चोवीस तासांनी बघितलं, कारण बाळंतपणाच्या ताणानेही ते वाढतं. ते कमी आलं, पुन्हा केलं तेव्हाही कमीच. लेक दूध प्यायला लागली. 48 तासांचं कल्चर निगेटिव्ह आलं आणि डॉक्टरांनी इंजेक्शन बंद केलं.

खरा गोंधळ इथून पुढे. मेहुण्याचं मेडिकल आहे. तो म्हणाला, "दाजी, कोर्स अर्धा सोडायचा नसतो. सात दिवस तरी द्यायला सांगा." मलाही ते पटत होतं, आजवर आपण हेच ऐकत आलोय. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "कोर्स आजाराचा असतो. आजारच नाही निघाला तर पूर्ण काय करायचं?" रक्तात जंतू असले तर बहुतेक वेळा ते 36 ते 48 तासांत कल्चरमध्ये दिसतातच. विनाकारण लांबवलं तर पोटातले चांगले जंतू मरतात, जेंटामायसिनचा त्रास मूत्रपिंडाला आणि कानाला होऊ शकतो. मेहुण्याला हे फोनवर सांगितलं. तो "बघा बुवा" म्हणाला.

शेजारच्या पेटीतलं बाळ मंगळवेढ्याकडचं. त्याच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, ते स्वच्छ होतं, म्हणून औषध 14 दिवस. संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत गेला असता तर 21. त्याच्या वडिलांनी मला विचारलं, "तुमचं इतक्यात कसं काय सोडायलेत ओ?" मी कल्चरचं सांगितलं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून पुढे बोलवलं नाही.

सुट्टी देताना सिस्टरनी बजावलं: दूध सोडलं, अंग गार पडलं किंवा ताप आला, बाळ मलूल झालं, छाती आत ओढायला लागली तर रात्र-अपरात्र न बघता यायचं. कानाची तपासणीही करून घेतली, ती ठीक आली.