कुंद्याचा फोटो आला, नाव गेलं

"फोटो आला, पण नाव कुठं गेलं?" बेळगावात, शहापुरातल्या मिठाईच्या काउंटरवरचा पोरगा स्क्रीनकडं बघून म्हणाला.

टिकिंटर म्हणजे पायथन भाषेत खिडक्या-बटणं बनवायचं साधन. त्याच्या साध्या बटणाला टेक्स्ट आणि इमेज दोन्ही दिलं की नुसतं चित्रच दिसतं. कंपाउंड='लेफ्ट' लिहा: चित्र डावीकडं, 'कुंदा' उजवीकडं.

पण चित्र आलं की विड्थ=12, म्हणजे रुंदी, 12 अक्षरं नव्हे, 12 पिक्सेल! बटण काडीएवढं. 120 करा.

खरी छळणारी गोष्ट वेगळीच. फोटोइमेज, म्हणजे चित्र धरून ठेवणारी वस्तू, फंक्शनच्या आत 'फोटो' नावानं बनवली, तर फंक्शन संपताच पायथन ती झाडून टाकतो. एररही नाही, चित्राची जागा कोरी. बटण.इमेज = फोटो, एवढी ओळ घातली की चित्र टिकतं.

आता त्या पोराला खाली कन्नड नावही हवंय. तिहेरी अवतरणात दोन ओळी लिहायच्या, बस्स.