इंदूरचा ए. बी. रोड: बस, मेट्रो आणि ओला कचरा

इंदूरला येणाऱ्या पाहुण्यांची खाण्याफिरण्याची यादी सराफा या खाऊबाजारापासून सुरू होते आणि छप्पन दुकान या दुसऱ्या खाऊबाजारापाशी संपते. त्यामुळे मी सकाळी ए. बी. रोड पाहायला निघतो आहे असे सांगितल्यावर रामबागेतल्या माझ्या आत्याला माझ्याविषयी थोडी काळजीच वाटली. मला मात्र या वेळी शहरी वाहतुकीतले ते प्रयोग पाहायचे होते, ज्यांच्यासाठी हे शहर गेली वीस वर्षे देशात ओळखले जाते. त्यांतला सर्वांत मोठा प्रयोग मी पोहोचलो तेव्हा मोडीत निघालेला होता.

ए. बी. रोड म्हणजे आग्रा-बॉम्बे रोड. या आग्रा-मुंबई रस्त्याचा जो भाग इंदुरातून जातो त्यावर निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत, सुमारे साडेअकरा किलोमीटर, बससाठी स्वतंत्र मार्गिका होती. 2013मध्ये ती सुरू झाली आणि तिच्यावर धावणाऱ्या बसला आयबस हे नाव मिळाले. रस्त्याच्या मधोमध दोन मार्गिका रेलिंग लावून वेगळ्या काढलेल्या होत्या. थांबेही मधोमधच होते, तिकीट थांब्यावरच काढायचे असे आणि फलाट बसच्या आतल्या तळाच्या उंचीला असल्यामुळे पायऱ्या चढण्याचा प्रश्न नव्हता. ही रचना मूळची ब्राझीलमधील कुरितिबा शहराची. तेथे 1974मध्ये, भुयारी रेल्वेचा खर्च परवडणार नाही हे ओळखून, बसलाच रेल्वेसारखा मोकळा मार्ग देण्याचे ठरले. यात यंत्र काहीच नवे नव्हते. नवा होता तो रस्त्याच्या वाटणीचा निर्णय, आणि माझ्या मते शहरी वाहतुकीतील सर्वांत धाडसी कल्पना तीच आहे.

विजयनगर ते भंवरकुआं हे अंतर मी बसने गेलो. मार्गिका काढण्याची घोषणा राज्य सरकारने नोव्हेंबर 2024मध्ये केली, फेब्रुवारी 2025मध्ये उच्च न्यायालयाची अनुमती मिळाली आणि लगेच तोडकाम सुरू झाले. मी गेलो तेव्हा काही भागांतील रेलिंग निघालेले होते, काही ठिकाणी थांब्यांचे सांगाडे तसेच उभे होते आणि आमची बस पलासिया चौकाच्या अलीकडे मोटारी, रिक्षा आणि दुचाकी यांच्या गर्दीत इतर सर्वांइतक्याच मुकाट्याने उभी होती. या मार्गिकेवरून रोज पन्नास हजारांच्या आसपास लोक प्रवास करीत असत. भंवरकुआं हा शिकवणी वर्गांचा भाग असल्याने त्यांत विद्यार्थी पुष्कळ.

त्या संध्याकाळी घरी यावरून चांगलाच वाद झाला. माझा आतेभाऊ मोटारीने कामाला जातो. त्याचे म्हणणे असे की डाव्या हाताला गाड्यांच्या रांगा लागलेल्या असताना मधली मार्गिका मिनिटभर रिकामी दिसली, की माणसाचा जीव जळतो. त्याची मुलगी विजयनगरहून भंवरकुआंला वर्गाला जाणारी. ती म्हणाली, “बाबा, ती मार्गिका रिकामी नव्हती, तिच्यातून बस तुमच्या आधी निघून गेलेली असायची.” मला तिचे उत्तर बिनतोड वाटले. रिकामी दिसणारी मार्गिका हे ती व्यवस्था नीट चालल्याचे लक्षण असते. भरलेली मार्गिका म्हणजे बस अडकलेली. परंतु मोटारीच्या काचेतून दिसते ते रिकामेपण, आणि मोटारवाल्याचा आवाज शहरात नेहमी मोठा. दिल्लीची मार्गिका 2016मध्ये काढून टाकली गेली, भोपाळची 2024मध्ये. आम्ही पुण्याचे लोक तर 2006पासून कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर हा प्रयोग अर्धवट कसा राबवावा याचे उत्तम शिक्षण घेऊन बसलेलो आहोत, तेव्हा इंदूरला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही.

मार्गिकेची एक गंभीर उणीव मलाही मान्य करावी लागते. थांबे मधोमध असल्यामुळे प्रत्येक प्रवाशाला वेगवान वाहतूक ओलांडून तेथवर जावे लागे, आणि पादचाऱ्याला सुखरूप रस्ता ओलांडू देण्याची आपल्या शहरांना सवय नाही. पण त्यावर उपाय रस्ता ओलांडण्याची सोय सुधारणे हा होता.

मेट्रोची फेरी लवकर उरकली. 31 मे 2025 रोजी सुरू झालेला पहिला टप्पा सुमारे सहा किलोमीटरचा असून सुपर कॉरिडॉर या रुंद आणि अजून बऱ्याच अंशी मोकळ्या रस्त्यावर त्याची पाच स्थानके आहेत. त्यांना अहिल्याबाई होळकर, लक्ष्मीबाई, अवंतीबाई, दुर्गावती आणि झलकारीबाई यांची नावे दिलेली आहेत. पहिल्या आठवड्यात प्रवास विनामूल्य होता, तेव्हा आत्यासह सगळे कुटुंब जाऊन आले होते. मी गेलो त्या दुपारी तीन डब्यांच्या गाडीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके प्रवासी होते. यात गाडीचा दोष नाही; जेथे वस्ती विरळ आहे तेथून जेथे वस्ती विरळ आहे तेथपर्यंतच ती तेव्हा जात होती. सुमारे 31 किलोमीटरचे वर्तुळ पूर्ण होऊन ती शहराच्या मध्यभागी पोहोचेल तेव्हाच तिच्याविषयी बोलण्यात अर्थ आहे.

ज्यासाठी मी मुख्यतः आलो होतो ते शहराच्या कडेच्या देवगुराडियाला होते. तेथे पूर्वी शहराच्या कचऱ्याचे डोंगर होते. आता त्याच परिसरात ओल्या कचऱ्यापासून वाहनांचा गॅस तयार करणारा प्रकल्प आहे. 19 फेब्रुवारी 2022 रोजी त्याचे उद्घाटन झाले. रोज 550 टन ओला कचरा घेऊन सुमारे 17,000 किलो गॅस आणि 100 टन खत देण्याची त्याची क्षमता आहे. कचऱ्याच्या गाड्या एका मोठ्या खड्ड्यात माल रिता करतात, तो दळून पातळ केला जातो आणि हवाबंद टाक्यांत जिवाणूंच्या हवाली केला जातो. तेथे तयार होणाऱ्या वायूत निम्म्याहून थोडा अधिक मिथेन असतो आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो वेगळा काढून शुद्ध मिथेन दाबाखाली भरला, की बस, मोटार, रिक्षा यांना चालणारे इंधन तयार होते. एक सिटी बस किलोमागे तीनएक किलोमीटर जाते असे धरले, तर पूर्ण क्षमतेने चालल्यास केवळ एका दिवसाच्या ओल्या कचऱ्यावर बस पन्नास हजार किलोमीटर धावू शकतील. व्यवहारही पाहण्यासारखा आहे: भांडवल खासगी कंपनीने घातले आणि निम्मा तरी गॅस शहराच्या बससाठी घेण्याचे महापालिकेने मान्य केले. गिऱ्हाईक आधीच ठरलेले असल्यामुळे गुंतवणूक करणाऱ्याला धीर आला.

दर्प अपेक्षेपेक्षा कमी होता, पण होता. येथील खरी करामत टाक्यांत नाही, ती रामबागेत आहे. सकाळी गाणे वाजवत गाडी येते तेव्हा वहिनी ओल्या कचऱ्याची बादली वेगळी घेऊन खाली उतरते, आणि चुकून त्यात प्लॅस्टिकची पिशवी गेली तर गाडीवरचा माणूस तिला सांगतो. ही शिस्त नसती तर जिवाणूंना प्लॅस्टिक पचवावे लागले असते आणि प्रकल्प बंद पडला असता. दुसऱ्या शहरांनी हा कारखाना विकत घ्यायच्या आधी ती बादली विकत घ्यावी.

दोन प्रयोगांतील फरक मला परतीच्या वाटेवर लख्ख दिसला. कचऱ्याच्या गॅसने कोणाचीही जागा मागितली नाही. बसने नुसते इंधन बदलले. मार्गिकेने मात्र मोटारींकडून रस्त्याचा हिस्सा मागितला, म्हणून ती गेली. आता गॅसवर चालणारी स्वच्छ बस पलासियाच्या चौकात मोटारींच्या मागे उभी राहून तोच गॅस जाळत असते. 22 सप्टेंबर 2023 रोजी शहराने मोटारीविना एक दिवस पाळला होता, त्याचे आतेभावाने मनापासून कौतुक केले. एका दिवसाला कोणाची हरकत असणार?

पैसे उभे करण्याच्या बाबतीत मात्र हे शहर जुन्या काळापासून कल्पक आहे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870च्या सुमारास आपल्या राजधानीपर्यंत रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपये, साडेचार टक्के व्याजाने आणि 101 वर्षांच्या मुदतीने, कर्जाऊ दिले. खंडव्याहून येणारा मीटरगेज मार्ग त्यातून झाला. 2006मध्ये सिटी बस सुरू करतानाही हीच हुशारी दिसली: बस खासगी मालकांच्या, मार्ग आणि भाडे ठरवणारी कंपनी मात्र सार्वजनिक.

शेवटी उज्जैनला जाऊन आलो, कारण रेल्वे स्थानकापासून महाकालेश्वर मंदिरापर्यंत सुमारे पावणेदोन किलोमीटरचा रोपवे तेथे मंजूर झालेला आहे. बोलिव्हियातील ला पाझ शहरात 2014पासून असे रोपवे चालतात, पण तेथे शहर दरीत आणि शेजारचे एल आल्तो चारशेएक मीटर वर आहे, तेव्हा दोर टाकण्याला पर्याय नव्हता. जर्मनीतील वुपरटालमध्ये 1901पासून नदीवर टांगलेली रेल्वे धावते, तीही अरुंद खोऱ्यामुळे. कोकण रेल्वेच्या बी. राजाराम यांनी खांबांवरून लटकत जाणारी स्कायबस सपाट शहरांसाठीच सुचवली होती. 2004मध्ये मडगावच्या चाचणीत अपघात होऊन एक कर्मचारी दगावला आणि पुढे ती योजना मागे पडली. उज्जैन सपाट आहे. स्थानकापासून मंदिरापर्यंत मी चालत गेलो तेव्हा गर्दीचे कारण सरळ होते, अरुंद रस्त्यावर माणसांपेक्षा वाहनांनी अधिक जागा व्यापलेली होती. दोर खांबांपुरतीच जमीन मागतो, त्यामुळे येथे कोणी विरोध करणार नाही. रोपवेच्या पाळण्यात बसतात मोजकी माणसे, आणि 2028च्या सिंहस्थात येथे लोटणारी गर्दी लाखांची असेल; तिच्यातील बहुतेकांना याच रस्त्याने पायी जावे लागेल. त्यांच्यासाठी रस्त्याची एक बाजू वाहनांपासून मोकळी ठेवणे रोपवेपेक्षा स्वस्त पडेल.