दोन दोर जोडायची गाठ आणि उतरणीचा दुसरा टप्पा

पहिले दोन दिवस गाठी शिकण्यात गेले, छान गेले. लिहायचंय ते तिसऱ्या दिवशी कड्यावरून दोराने केलेल्या उतरणीबद्दल. अशा उतरणीत जोडलेले दोन दोर वरच्या आधारातून ओवून दोन्हींवरून उतरतात आणि खाली आल्यावर एक दोर ओढून दोन्ही काढून घेतात. तिथल्या दुसऱ्या टप्प्यावर एका सल्ल्यापायी आमचे तीन तास गेले.

सल्ला होता: दोन दोर जोडायला डबल फिशरमन ही गाठच मारा, तीच भक्कम. भक्कम आहेच. पण ती दोरांच्या मधोमध गोळ्यासारखी बसते. खालून दोर ओढला की काठावरून घसरत येते आणि मिळेल त्या भेगेत रुतते. आमची रुतली. दुसरं टोक अजून हाताशी होतं, म्हणून दोन्ही दोर एकत्र धरून त्यांवर प्रुसिक (भार आला की दोराला पकडणारी, बारीक दोरीच्या वेढ्यांची गाठ) लावून वर चढता आलं. ते टोक वर निघून गेलं असेल, तर उरलेल्या एका दोरावर अजिबात चढू नका. तो वर कशात आणि किती अडकलाय हे खालून कळत नाही. प्रुसिकची दोरी 6 मिलिमीटरची, वेढे तीन. दोर ओला होता, तीन वेढे घसरू लागले, चौथा घेतला. मग पकड आली, पण प्रत्येक वेळी गाठ वर सरकवताना बोटं सोलवटली.

तिथे हवी होती साधी ओव्हरहँड. दोन्ही दोर शेजारी धरायचे आणि मिळून एकच गाठ मारायची. ती दोरांच्या एका अंगाला राहते, त्यामुळे काठावरून सहज निघते. दिसते इतकी किरकोळ, की पहिल्यांदा भार टाकताना पोटात गोळा येतो. टोकं किमान 30 सेंटिमीटर सोडा आणि चारही पदर एकेक करून ओढा, कारण भार आला की ती टोकांकडे लोळू शकते. जास्त सुरक्षित वाटते म्हणून तशीच शेजारी-शेजारी फिगर ऑफ एट, म्हणजे इंग्रजी आठाच्या आकाराची गाठ, मारू नका. ती आणखी कमी भारात लोळते.

हार्नेसला, म्हणजे कमरेच्या सुरक्षा-पट्ट्याला, दोर बांधायला मात्र फिगर ऑफ एटच. त्यासाठी वापरली जाणारी दुसरी गाठ, बोलाइन, भारानंतरही पटकन सोडता येते, हे तिचं कौतुक खरं. पण भार येत-जात राहिला की ती आपोआपही सैल पडते. दमून हात थरथरत असताना मला अशी गाठ हवी, जी जोडीदाराला एका नजरेत तपासता येईल. आठाचे जोडपदर मोजता येतात. घट्ट बसली तर सोडवायला वेळ लागेल, लागू दे.

दोराच्या टोकांना गाठी मारूनच उतरा, आणि दोर ओढण्याआधी त्या सोडल्यात हे दोघांनी मोठ्याने म्हणा.

तिसऱ्या टप्प्यावर ओव्हरहँड मारली. दोर एका दमात खाली आला.